बुधाचा डोंगर, आपला नळ

डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याचा जमिनीशी संबंध काय? तांदूळ वाण्याकडून येतो, पाणी नळाला येतं! असं वाटत असेल, तर दोन कादंबऱ्या जरूर वाचा.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) माणदेशात घडते. पाऊस दगा देतो, चारा संपतो, मेंढरं मरू लागतात. धनगर गाव सोडतात आणि अख्खी वाडी ओस पडते. गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'त (१९५८) नेमकं उलटं. म्हातारा बुधा मुंबई सोडून राजमाचीला परत जातो. झाडं, पाखरं, जनावरं हेच त्याचे सोयरे. कुणाला माती दूर लोटते, कुणाला ओढून नेते. तिच्यावाचून चालत मात्र कुणाचंच नाही.

आणि आपलं? राजमाचीच्याच डोंगरात उल्हास नदी उगम पावते. कर्जत, बदलापूर करत ती कल्याणकडे येते आणि तिचं पाणी कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येतं. म्हणजे बुधाच्या डोंगरावरचा पाऊस तुमच्या पेल्यात!

तो डोंगर उद्या उघडाबोडका झाला तर? बनगरवाडीचे धनगर मेंढरं हाकत निघून तरी गेले. आपण बिऱ्हाड घेऊन कुठे जाणार? आज जेवताना आईबाबांना विचारून बघा.