हीटरच्या आधी थर्मामीटर

रायगड जिल्ह्यात, उरणजवळच्या द्रोणागिरीत घरच्या ग्रीनहाऊससाठी हीटर घ्यायचाय म्हटलं तर उरणचा माणूस आधी हसेल. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी आणि न्हावा-शेव्याचं बंदर. थंडी पडली पडली म्हणेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. जवळच्या मुंबईत सांताक्रूझला नोंदलं गेलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, तेही २२ जानेवारी १९६२ चं. एरवी तिथे जानेवारीतल्या रात्री पारा १६-१७ च्या आसपास थांबतो. तरीही गच्चीवर पॉलिकार्बोनेटचं छोटं घर उभं करून त्यात मिरची, ऑर्किड, अँथुरियम वाढवू पाहणाऱ्याच्या मनात डिसेंबरात हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर दुकानात शिरण्यापूर्वी कागदावर काढता येतं.

सहा बाय आठ फुटांचं, आत माणूस ताठ उभा राहील असं ग्रीनहाऊस धरा. भिंती आणि छप्पर मिळून साधारण २२ चौरस मीटर होतात. एकेरी काच किंवा प्लास्टिक असेल, तर आत-बाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे दर चौरस मीटरमधून सुमारे ६ वॅट उष्णता निसटते. बाहेर १७ अंश आहे आणि आत २० हवेत, तर ३ गुणिले ६ गुणिले २२, म्हणजे ४०० वॅटही लागत नाहीत. आणि मुळात ऑर्किड-अँथुरियमला १७ अंशांत काही होत नाही. मग हे ४०० वॅट जाळायचे कशाला?

हाच हिशेब निफाडला नेला की आकडे बदलतात. नाशिक जिल्ह्यातल्या या द्राक्षपट्ट्यात थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. बाहेर ५ आणि आत १५ हवे असतील तर तेच ग्रीनहाऊस १,३२० वॅट मागतं. फटींतून जाणारी ऊब धरली तर २ किलोवॅटचा ब्लोअर घ्यावा लागेल. रात्रीचे दहा तास सरासरी १,३२० वॅट ओढले गेले, तर रोजचे १३ युनिट आणि महिन्याचे ४०० च्या घरात. दुहेरी भिंतीचा पॉलिकार्बोनेट वापरला तर ६ वॅटचा आकडा साडेतीनच्या आसपास येतो आणि बिलही त्याच प्रमाणात उतरतं. हीटर निवडण्याआधी पत्रा निवडावा तो यासाठी.

निफाडचे बागायतदार मात्र हीटरच्या भानगडीत पडत नाहीत. एकरभर उघड्या बागेला कुठला हीटर पुरणार? मण्यात पाणी उतरलेलं असताना कडाका वाढला तर मणी तडकतात, वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत फुटते. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि ठिबक सुरू होतं. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं. ते जमिनीत मुरलं की मुळांशी थोडी ऊब टिकते.

मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये आणखी सोपा उपाय दिसतो. तळेगाव दाभाड्याच्या परिसरात व्हॅलेंटाइन डेसाठी डच गुलाब तयार होतो. रात्रीचं तापमान १५ अंशांखाली रेंगाळलं की कळी फुलायला उशीर करते, आणि १४ फेब्रुवारीनंतर आलेल्या फुलाला तो भाव नसतो. त्यामुळे ऊन कलताच बाजूचे पडदे खाली सोडून दिवसाची ऊब आत कोंडायची, सकाळी हवा तापली की पुन्हा वर गुंडाळायचे. पडद्याचं हे काम बिनखर्चाचं, पण चुकवून चालत नाही.

इथे प्लास्टिकची एक खोड सांगायला हवी. साध्या पॉलिथिनमधून जमिनीची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आरपार निघून जाते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री बंद पॉलिहाऊस कधी कधी बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं. अशा वेळी कामाला येतो पाण्याचा पिंप. काळा रंग दिलेला २०० लिटरचा पिंप दिवसा उन्हात तापला आणि रात्रीत १० अंशांनी निवला, तर सुमारे २.३ युनिट विजेइतकी ऊब सोडतो. एक किलोवॅटचा हीटर सव्वादोन तास चालावा तेवढी ही ऊब, आणि फुकटात. लेहमध्ये ग्रीनहाऊस बांधतात ते याच तत्त्वावर: दक्षिणेकडे प्लास्टिक, उरलेल्या बाजूंना मातीच्या जाड भिंती. बाहेर उणे २० अंश असतानाही आत पालक, मेथी निघते. रामायणातल्या पर्वताशी नातं सांगणारं उत्तराखंडातलं द्रोणागिरी गाव तर हिवाळ्यात ओसच पडतं. हीटरचा प्रश्न खरा त्या द्रोणागिरीचा!

हीटर घ्यायचाच, तर गॅस किंवा रॉकेलचा बिनधुराड्याचा नको. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत सोडतो. ही वाफ थंड पत्र्यावर जमते, पानांवर ठिबकते आणि बुरशीला आमंत्रण देते. ज्वलन अपुरं झालं तर इथिलीन तयार होतो. ऑर्किडच्या कळ्या गळायला त्याची थोडी मात्राही पुरते. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका माणसालाही आहेच. विजेचा पंख्याचा हीटर त्या मानाने बरा, कारण तो ऊब सगळीकडे फिरवतो. पण त्याला थर्मोस्टॅट हवा, आणि तोही उन्हापासून आडोशाला, रोपांच्या उंचीवर टांगलेला.

द्रोणागिरीच्या गच्चीवर उपयोगी पडेल ती बियाण्याच्या ट्रेखाली घालायची ऊबदार मॅट. मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत चटकन रुजतं, मातीचं तापमान विशीखाली गेलं की आळसावतं. २० वॅटची मॅट दिवसभर चालूनही अर्धा युनिट खात नाही. तिचा सेन्सर कोकोपीटमध्ये खोचावा, कोंब वर आले की मॅट काढून घ्यावी. खाऱ्या, दमट हवेत प्लगच्या पिना गंजतात. म्हणून नीट अर्थिंग, झाकणाचा सॉकेट आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांत काटकसर नको.

हीटरचे वाचलेले पैसे छपरावर घालावेत. मार्चपासून बंद पॉलिकार्बोनेटमध्ये दुपारी चाळिशी सहज ओलांडते. वर उघडणारी खिडकी, खालून हवेला वाट आणि ५० टक्क्यांचं शेडनेट नसेल, तर जानेवारीत जपलेली रोपं एप्रिलात होरपळतात. गंजाचा विचार करता सांगाडा गॅल्व्हनाइज्ड पाइपचा असावा आणि गच्चीला बोल्टने पक्का आवळलेला असावा. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकलं होतं. शेडनेट मेअखेरीस उतरवून ठेवलेलं बरं.