पर्यावरण-पुरस्कार : गौरव कोणाचा आणि केव्हा?

जागतिक पर्यावरणदिन ५ जून रोजी येतो, तेव्हा महाराष्ट्रातील बहुतेक शाळा उघडलेल्या नसतात. त्यामुळे निबंध, चित्रकला व घोषवाक्यांच्या स्पर्धा जूनच्या उत्तरार्धात होतात. धर्मग्रामांत रोपांचे वाटप होते, प्रशस्तिपत्रके दिली जातात, विजेत्या मुलाचे छायाचित्र सूचनाफलकावर झळकते. रोपाचे पुढे काय झाले, हे पाहण्यास मात्र सहसा कोणी जात नाही. मुलाला बक्षीस मिळाले, तेथे विषय संपला, असे आपण मानून चालतो.

याच विषयातील मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांच्या बातम्या आपण वृत्तपत्रांत वाचतो. एखाद्या शाळकरी मुलीला स्वीडनमध्ये सन्मान मिळतो, एखाद्या तरुण अभियंत्याला लंडनमध्ये, एखाद्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाला संयुक्त राष्ट्रसंघाकडून. शब्द एकच, 'पुरस्कार'. परंतु विद्यार्थी, कार्यकर्ता आणि संशोधक या तिघांच्या हाती पडणारी वस्तू एक नसते. विद्यार्थ्याला तो बहुधा कामाच्या आरंभी मिळतो, कार्यकर्त्याला लढ्याच्या ऐन मध्यावर आणि संशोधकाला पुष्कळदा त्याचा सल्ला धुडकावला गेल्यानंतर. हा फरक ध्यानात घेतला, तर या पुरस्कारांचा अर्थ अधिक उलगडतो.

प्रथम विद्यार्थ्यांकडे वळू. तामिळनाडूतील तिरुवन्नमलई येथील विनिशा उमाशंकर ही मुलगी बारा वर्षांची असताना तिने आपल्या रस्त्यावरील इस्त्रीवाल्याला जळालेला कोळसा टाकून देताना पाहिले. कोळशासाठी झाडे तुटतात, धूर त्या माणसाच्याच फुप्फुसांत जातो, राख जमिनीत मिसळते. तिने इस्त्रीच्या हातगाडीवर सौर पट्ट्यांचे छत बसविण्याचा आराखडा तयार केला. पाच तासांच्या स्वच्छ उन्हावर सहा तास इस्त्री चालावी, असे त्याचे गणित होते. २०२० मध्ये तिला स्वीडनचा 'चिल्ड्रन्स क्लायमेट प्राइझ' हा मुलांसाठीचा पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ब्रिटनच्या 'अर्थशॉट' पुरस्काराच्या अंतिम फेरीत तिचे नाव होते. त्याच वर्षी तिने ग्लासगो येथील हवामान परिषदेत जागतिक नेत्यांसमोर भाषण केले.

येथे गौरव झाला तो एका कल्पनेचा व तिच्या आराखड्याचा. ते योग्यच आहे. या वयात याहून अधिक मागणे अन्यायाचे ठरेल. पण अशी गाडी रोजच्या कमाईवर जगणाऱ्या इस्त्रीवाल्याला परवडेल का, बिघडली तर दुरुस्त कोण करील, हे प्रश्न पुरस्काराच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांच्या पुरस्काराला उचल म्हणावे. पुढे करावयाच्या कामासाठी समाजाने विश्वासाने दिलेली ती आगाऊ रक्कम होय.

अभियंता विद्युत मोहन यांचे उदाहरण यापुढची पायरी दाखविते. उत्तर भारतात भाताची कापणी यंत्राने होते व शेतात धसकटे आणि पेंढा उरतो. गव्हाच्या पेरणीपूर्वी हाती अवघे काही आठवडे असतात. पेंढा ओलसर व अवजड असल्याने वाहून नेणे परवडत नाही, आणि शेतकरी काडी लावून मोकळा होतो. दिल्लीची हिवाळ्यातील घुसमट काही अंशी येथून येते. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'टाकाचार' या संस्थेने पेंढा कारखान्यापर्यंत नेण्याऐवजी लहानसे यंत्रच शेतापर्यंत नेले. त्यात पिकांचे अवशेष अपुऱ्या प्राणवायूत भाजले जातात व त्यांतून इंधन वा खत यांसाठी उपयोगी पडणारा कार्बनयुक्त पदार्थ तयार होतो. धूर ९८ टक्क्यांपर्यंत कमी होतो, असा त्यांचा दावा आहे. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना 'यंग चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' या तरुणांसाठीच्या सन्मानास निवडले. पुढील वर्षी स्वच्छ हवेसाठीचा 'अर्थशॉट' पुरस्कार, म्हणजे दहा लाख पौंड, त्यांना मिळाला. इतकी रक्कम हाती आली की कौतुकाबरोबर हिशेबही येतो. यंत्रे किती शेतांत पोहोचली, हे विचारण्याचा अधिकार आता सर्वांना आहे.

२०२५ मध्ये 'यंग चॅम्पियन्स'च्या विजेत्यांत जिनाली मोदी या भारतीय तरुणीचा समावेश झाला. केळीच्या टाकाऊ भागांपासून चामड्याला पर्याय ठरेल असे साहित्य तिची संस्था बनविते. घड उतरविल्यावर केळीचे खांब तोडून टाकण्याची सवय असलेल्या वसईकर बागायतदारांनी या बातमीकडे जरा अधिक लक्ष द्यावयास हरकत नाही.

कार्यकर्त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठीच्या पुरस्कारांत 'गोल्डमन' पुरस्कार विशेष मानला जातो. सॅन फ्रान्सिस्को येथून १९९० पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्कारासाठी स्वतः अर्ज करता येत नाही. नावे गुप्तपणे सुचविली जातात. आपल्या परिचयाचे नाव म्हणजे मेधा पाटकर. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील संशोधन बाजूस ठेवून त्या नर्मदेच्या खोऱ्यात गेल्या. १९९२ मध्ये त्यांना हा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या चाळिशीच्याही आत होत्या. पुढच्याच वर्षी जागतिक बँक सरदार सरोवर प्रकल्पातून बाहेर पडली. धरण मात्र उभे राहिले आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे लोकार्पणही झाले. पुरस्कारामुळे लढा जगाला दिसतो. तो जिंकला जातोच असे नाही.

फिलिपाईन्समधील कॅथलिक धर्मगुरू फादर एडविन गारिगेज यांना २०१२ मध्ये हाच सन्मान मिळाला. मिंदोरो बेटावरील निकेलच्या खाणीस विरोध करणाऱ्या मांग्यान आदिवासींच्या बाजूने ते उभे राहिले होते. २००९ मध्ये त्यांनी अकरा दिवसांचे उपोषण केले होते. खाणीचे काम त्यानंतर थांबले.

प्रसिद्धीमुळे कार्यकर्त्याला संरक्षण मिळते, हा या पुरस्कारांमागील एक विचार आहे. तो नेहमी खरा ठरत नाही. होंडुरास देशातील बेर्ता कासेरेस यांनी लेंका आदिवासींसह ग्वालकार्के नदीवरील धरणाला विरोध केला. एप्रिल २०१५ मध्ये त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला. एक वर्षही पुरे झाले नव्हते, तोच २ मार्च २०१६ च्या रात्री त्यांच्या राहत्या घरी त्यांची हत्या झाली. साऱ्या जगाला ठाऊक असलेले नावही मारेकऱ्यांना अडवू शकले नाही. मग ज्यांचे नाव कोणालाच ठाऊक नाही, अशांच्या जिवाची काय शाश्वती?

स्वीडनच्या ग्रेटा थनबर्गने वेगळाच मार्ग धरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्डिक परिषदेचा पर्यावरण पुरस्कार तिने नाकारला. हवामान चळवळीला आणखी पुरस्कार नकोत, सत्ताधाऱ्यांनी विज्ञानाचे ऐकावे एवढेच हवे, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. पुढच्या वर्षी पोर्तुगालच्या गुल्बेंकियान प्रतिष्ठानचा दहा लाख युरोंचा पुरस्कार तिने स्वीकारला व ती रक्कम आपल्या प्रतिष्ठानामार्फत इतर संस्थांना देण्याचे जाहीर केले. यात विसंगती पाहणारे पाहोत. पुरस्कारातील पैसा कामाचा आणि सोहळा बिनकामाचा, हे त्या सतरा वर्षांच्या मुलीने अचूक ओळखले होते, असे आम्हास वाटते.

आता संशोधकांविषयी. येथे आपल्या श्रद्धावंतांनी थोडे थांबून आत्मपरीक्षण करावे, असा एक प्रसंग आहे.

पुण्यात जन्मलेले परिस्थितिशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांना व्होल्व्हो पर्यावरण पुरस्कार २००३ मध्ये आणि टायलर पुरस्कार २०१५ मध्ये मिळाला. दोन्ही पुरस्कार पर्यावरणविज्ञानातील अत्युच्च सन्मानांपैकी आहेत. यांच्या दरम्यान २०१० मध्ये केंद्र सरकारने पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे ते अध्यक्ष झाले. समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. सरकारने तो दडवून ठेवला. माहितीच्या अधिकाराचा अर्ज व न्यायालयाची पायरी, यानंतर मे २०१२ मध्ये तो जनतेसमोर आला. गुजरातपासून तामिळनाडूपर्यंतच्या घाटाचे संवेदनशीलतेनुसार तीन स्तर करावेत, सर्वांत नाजूक भागात नव्या खाणी व मोठी धरणे नकोत, आणि अंतिम निर्णय ग्रामसभांशी चर्चा करूनच व्हावा, असे त्याचे सार होते. वरून लादलेले संवर्धन टिकत नाही, यावर गाडगीळ यांचा विशेष भर होता.

केरळमध्ये या अहवालाविरुद्ध वादळ उठले आणि विरोधकांच्या आघाडीवर इडुक्कीसारख्या डोंगराळ भागातील चर्च होते. आपले धर्मबंधूच ते. त्यांची भीती अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वी डोंगरात येऊन स्थायिक झालेल्या शेतकऱ्यांपैकी अनेकांच्या हाती जमिनीची पक्की कागदपत्रे नव्हती. अहवाल लागू झाला तर आपण बेघर होऊ, असे त्यांना सांगितले गेले. तो अहवाल त्यांच्या भाषेत वेळेवर त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, आणि ती जागा अफवांनी भरून काढली. गाडगीळ यांच्या बाजूने बोलणारे इडुक्कीचे खासदार पी. टी. थॉमस यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढण्यात आली. २०१४ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने त्यांना उमेदवारी दिली नाही.

ऑगस्ट २०१८ च्या महापुरात व दरडींखाली केरळमध्ये चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच पावसाळ्यात पुथुमला व कवलप्पारा येथे डोंगर कोसळले. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमधील मुंडक्कई व चूरलमला ही गावे दरडीखाली गेली व दोनशेहून अधिक जीव गमावले गेले. अहवाल स्वीकारला असता तर यांतील प्रत्येक जीव वाचला असता, असा दावा करणे शास्त्राला धरून होणार नाही. विक्रमी पाऊस हेही मोठे कारण होते व तापत्या हवेशी त्याचा संबंध आहे. पण उतारावरील उत्खनन, रस्ते व बांधकामे यांविषयीचा इशारा लेखी स्वरूपात आपल्या हाती होता, ही गोष्ट नाकारता येत नाही.

पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकावर २४ मे २०१५ ही तारीख आहे. गाडगीळ यांना टायलर पुरस्कार मिळाला ते हेच वर्ष. त्या परिपत्रकाचे पहिले प्रकरण विज्ञानाच्या निष्कर्षांना वाहिलेले आहे. आपल्या सामाईक घराचे काय चालले आहे, हे प्रथम शास्त्रज्ञांकडून ऐकून घ्यावे, असा त्याचा क्रम आहे. इडुक्कीत शास्त्रज्ञाचे ऐकण्याची वेळ तोपर्यंत निघून गेली होती.

डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने गाडगीळ यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा जीवनगौरव जाहीर केला. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. वायनाडच्या दुर्घटनेला साडेचार महिनेही झाले नव्हते, आणि त्यांचा अहवाल तेरा वर्षांचा झाला होता.

वायनाडच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ३१ जुलै २०२४ रोजी, केंद्राने पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. त्यात सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटर प्रदेशाचा समावेश होता. पैकी १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्राचा व १,४६१ गोव्याचा. रत्नागिरी व सिंधुदुर्गातील ज्या गावांची नावे त्या यादीत होती, त्यांतील काहींत आपले लोक राहतात. ती यादी ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखविली गेली का, हे त्या त्या गावच्या युवकांनी आपल्या पंचायतीत जाऊन विचारावे. या चौकशीसाठी कोणताही पुरस्कार ठेवलेला नाही.