ई-मेल पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड : लहान-मोठ्या अक्षरांची काळजी



डहाणू-घोलवडच्या चिकूला सन २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज चिकूच्या खरेदीदाराशी पत्रव्यवहार असो वा तलासरीच्या भात उत्पादकाचा अनुदानाचा अर्ज असो, ई-मेल पत्ता, युजरनेम किंवा पासवर्ड लागतोच. मुदतीच्या शेवटच्या दिवशी खाते उघडले नाही तर अर्ज राहून जातो. पुष्कळदा त्याचे कारण एखादे अक्षर असते.

फरक का पडतो?

आपल्या देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही. इंग्रजीत मात्र प्रत्येक अक्षराची मोठे (कॅपिटल) व लहान (स्मॉल) अशी दोन रूपे आहेत. संगणक प्रत्येक अक्षर क्रमांकाने ओळखतो. मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५, तर लहान 'ए'चा ९७ आहे. त्यामुळे ही दोन्ही एकच मानावीत असे मुद्दाम सांगितले नसेल, तर संगणक ती वेगळीच समजतो.

ई-मेल पत्ता

पत्त्यात मध्ये 'ॲट'चे चिन्ह असते. त्याच्या उजवीकडील भाग हा जणू टपाल कार्यालयाचे नाव होय. तेथे लहान-मोठा भेद मुळीच नाही. डावीकडील भाग खातेदाराचा असतो. तेथे भेद करण्याची मुभा नियमाने दिली आहे. परंतु जीमेलसह बहुतेक मोठ्या सेवा तो करीत नाहीत. म्हणून खरेदीदाराने आपला पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिला तरी पत्र सहसा पोचते. न पोचल्यास टिंब, अंक व स्पेलिंग तपासावे. जीमेलच्या पत्त्यात खातेदाराच्या नावातील टिंब मोजले जात नाही. इतर सेवांत टिंबामुळे पत्ता बदलू शकतो.

युजरनेम आणि पासवर्ड

युजरनेमबाबत एकच नियम नाही. विंडोज प्रणाली लहान-मोठा भेद मानीत नाही, लिनक्स मानते. प्रत्येक संकेतस्थळाचे नियम वेगळे असतात. पासवर्डमध्ये मात्र हा भेद जवळजवळ सर्वत्र पाळला जातो.

पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी :

१) ई-मेल पत्ता व युजरनेम शक्यतो लहान अक्षरांतच ठेवावे.

२) मोबाईलचा कळफलक पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, तर कधी शब्दानंतर रिकामी जागा सोडतो. पाठविण्यापूर्वी दोन्ही तपासावे.

३) संगणकावर पासवर्ड चुकल्यास प्रथम 'कॅप्स लॉक'चा दिवा पाहावा. वारंवार चुकीचा पासवर्ड दिल्यास खाते तात्पुरते बंद होऊ शकते.

४) मोठा 'आय', लहान 'एल' व १ हा अंक सारखे दिसतात, 'ओ' व शून्यही तसेच. बँकेच्या आयएफएससी क्रमांकात पाचव्या जागी नेहमी शून्य असते, 'ओ' नव्हे.

५) सेवा केंद्रावर खाते उघडताना स्वतःचाच ई-मेल पत्ता व मोबाईल क्रमांक द्यावा. केंद्रचालकाचा दिल्यास पासवर्ड बदलण्याचा संदेश त्याच्याकडे जातो व आपले खाते परक्याच्या हाती राहते.

६) युजरनेम जसेच्या तसे वहीत उतरवून घ्यावे. पासवर्ड लिहिल्यास कोणते अक्षर मोठे ते खुणेने दाखवावे, वही घरी सुरक्षित ठेवावी व पासवर्ड कोणासही सांगू नये.

अर्जाची मुदत संपण्याच्या आठ दिवस आधी एकदा खाते उघडून पाहावे. अडचण आल्यास दुरुस्तीला वेळ मिळतो.