पंप मोठा, तर पिकअप मोठा?

सोनाळ्यात काय किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, गाडीचा पिकअप वाढवायचा म्हटलं की सल्ला ठरलेला: 'पंप मोठा टाक, इंजेक्टर बदल.' पण इंजिनाची ताकद ठरते ती हवेवर. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. पूर्ण जोर लावताना मिश्रण थोडं घट्ट लागतं, पण ती सोय कंपनीने आधीच करून ठेवलेली असते. त्यावर आणखी ओतलेलं पेट्रोल जळणार कशाच्या जिवावर? ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, खाली उतरून ऑइल पातळ करतं, प्लग काळे करतं. त्यात आपला मे महिना. 45 अंशांची हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा जवळपास 6 टक्के विरळ असते. भर दुपारी गाडी जड वाटते ती त्यामुळेही.

नुसत्या मोठ्या पंपाने तर काहीच होत नाही. रेग्युलेटर दाब ठरलेलाच ठेवतो, जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जातं. टर्बो बसवला, हवा वाढली, की मग मोठा पंप लागतो. दाब वाढवून भागवू म्हणाल, तर त्याच इंजेक्टरमधून दुप्पट पेट्रोल काढायला दाब चौपट लागेल.

डिझेलचं गणित वेगळं. तिथे इंधन वाढवलं की दम खरंच वाढतो, पण मर्यादेपर्यंत. काळा धूर म्हणजे ती मर्यादा ओलांडली. पैसा सायलेन्सरमधून चालला आणि पिस्टन, टर्बो तापू लागले. लोक मात्र त्या धुरावरच खूश!

100 ऑक्टेनचं पेट्रोल साध्या गाडीत टाकून ताकद वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग न होता दाब सोसण्याची क्षमता. इंजिन त्यासाठी बनवलेलं नसेल तर पैसे वाया.

पेट्रोल वाढवणं रास्त ठरतं अशी एक जागा आहे: जुनी कार्ब्युरेटरची गाडी आणि 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलला किलोमागे 9 किलोच हवा पुरते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. तिथे जेट किंचित मोठा करावा. सेन्सरवाली गाडी हे बरंचसं स्वतःच सांभाळते.

'आतला बदल कोणाला दिसतोय?' हाही समजच. मोटार वाहन कायद्याच्या 182अ कलमात बेकायदा फेरबदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं.

आणि पिकअप मुळात गेलाच असेल, तर असे बदल करण्याआधी एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या.