अस्तराची जागा टबाच्या आत

मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच अमेरिकेला गेलेल्या मराठी आईवडिलांना आल्याआल्या एक सूचना हमखास मिळते: आंघोळीच्या वेळी आतला पडदा टबात सोडा, बाहेर लोंबू देऊ नका. आपल्याकडे न्हाणीघरात पाणी सांडतं आणि उताराने जाळीकडे निघून जातं. तिकडच्या बहुतेक घरांत न्हाणीघराच्या जमिनीला असा उतार नसतो, जाळीही नसते. घराचा सांगाडा बहुधा लाकडी असतो. वरच्या मजल्यावर सांडलेलं पाणी फटींतून झिरपतं आणि काही दिवसांनी खालच्या खोलीच्या छतावर पिवळट डाग उमटतो.

तो पडदा निव्वळ आडोशासाठी असतो, असं अनेकांना वाटतं. मुळात तिथे दोन पडदे असतात. बाहेरचा कापडी, नक्षीचा पडदा टबाबाहेर कोरडा राहतो आणि खोलीची शोभा सांभाळतो. पाणी अडवण्याचं काम आतल्या साध्या अस्तराचं, म्हणजे लायनरचं असतं. ते प्लॅस्टिकचं किंवा घट्ट विणीच्या पॉलिएस्टरचं असतं, त्याचं खालचं टोक टबात असावं लागतं आणि खराब झालं की ते बदलायचं असतं. बदलणं सोपं असेल तरच ते वेळेवर बदललं जातं. म्हणून अस्तराच्या डिझाइनमध्ये रंग आणि नक्षीपेक्षा ते वर चढवण्याच्या सोयीचा विचार आधी व्हायला हवा.

मापाबद्दलही गोंधळ असतो. अमेरिकेतला नेहमीचा टब ६० इंच लांब असतो, तर अस्तर ७० किंवा ७२ इंच रुंद. जास्तीचे दहा-बारा इंच चुण्यांच्या सौंदर्यासाठी आहेत असं समजून काहीजण नेमकं टबाएवढं अस्तर शोधत बसतात. पण पाणी निसटतं ते मधून नव्हे, दोन्ही टोकांच्या भिंतींजवळून. तिथे अस्तर भिंतीवर थोडं वळून ओल्या फरशीला चिकटावं, एवढी सैल रुंदी हातात लागतेच.

आता सर्वांना छळणारा प्रश्न. शॉवर सुरू होताच अस्तर आत फुगून अंगाला का चिकटतं? गरम हवा वर जाते, तिची जागा घ्यायला बाहेरची थंड हवा खालून आत घुसते आणि पडद्याला ढकलते, हे उत्तर सर्रास दिलं जातं. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरं आहे, कारण थंड पाण्याच्या शॉवरखालीही पडदा आत येतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथले अभियांत्रिकीचे प्राध्यापक डेव्हिड श्मिट यांनी हे कोडं संगणकावर मांडलं. शॉवरच्या फवाऱ्याचं आणि भोवतालच्या हवेचं प्रारूप त्यांनी लहान लहान कप्प्यांत विभागून सोडवलं. पडणारे थेंब हवेला ओढत नेतात आणि त्यातून आडव्या आसाभोवती फिरणारा एक भोवरा तयार होतो, असं त्यांना दिसलं. भोवऱ्याच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो आणि पडदा तिकडे ओढला जातो. या अर्ध्यामुर्ध्या उकलीला २००१ सालचं भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. हसवता हसवता विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात, आणि इथे तो योग्य ठिकाणी गेला. रोज कोट्यवधी लोकांच्या अंगाला चिकटणाऱ्या गोष्टीचं कारण शोधणं हे गंभीर काम आहे.

कारण हवेत असल्यामुळे उपायही तिथूनच निघतो. अस्तर जड करा, किंवा अंगापासून लांब न्या. बाहेरच्या बाजूला कमानीसारखी वाकलेली दांडी दुसरा मार्ग पत्करते आणि अमेरिकेतल्या हॉटेलांत ती आता जागोजाग दिसते. पहिल्या मार्गासाठी खालच्या काठात लोहचुंबक बसवतात. चुंबक असले की अस्तर टबाला धरून राहणारच, असं गृहीत धरलं जातं. ते बिडाच्या किंवा पोलादी टबालाच धरतात. अ‍ॅक्रिलिकच्या किंवा फायबरग्लासच्या टबाला चुंबक चिकटत नाही. तिथे त्याचा उपयोग फक्त वजनापुरता. मग काठात जड साखळी किंवा दगडी गोळे शिवलेलं अस्तर घेतलेलं बरं.

बसवण्याकडे वळू. नेहमीच्या अस्तराला वर १२ छिद्रं असतात, म्हणजे १२ कड्या. हे काम दोन मिनिटांचं समजलं जातं. तरण्या हातांना ते तसं असेलही. पण दोन्ही हात डोक्यावर, मान मागे, पाय टबाच्या गुळगुळीत काठावर, आणि कडीचं लहानसं टोक छिद्रात घालून दाबायचं, असं बारा वेळा. सांधे धरलेल्या बोटांसाठी आणि तोल सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी हे धोक्याचं आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार २००८ मध्ये १५ वर्षांवरच्या सुमारे २ लाख ३४ हजार जणांना न्हाणीघरातल्या दुखापतींमुळे तातडीच्या उपचारांसाठी जावं लागलं. त्यांतल्या पाचांपैकी चार जणांना पडल्यामुळे इजा झाली होती, आणि दोनतृतीयांश अपघात टबात किंवा शॉवरजवळ घडले होते. म्हणून चांगल्या रचनेची खरी कसोटी म्हणजे हात किती वेळ वर राहतात.

त्यासाठी काही सुरेख युक्त्या निघाल्या आहेत. पहिलीत कापडाच्या वरच्या पट्टीतच कापलेल्या कड्या बसवलेल्या असतात. प्रत्येकीची चीर दांडीवर सरकवली की झालं, दांडी उतरवावी लागत नाही. ही रचना इतकी मोलाची ठरली की तिच्या पेटंटवरून न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात खटला चालला. दुसरी युक्ती दुहेरी आकड्याची: एकाच कडीला पुढे एक आणि मागे एक आकडा, त्यामुळे बाहेरचा पडदा न हलवता आतलं अस्तर काढता येतं. तिसरीत अस्तर बटणांनी पडद्याच्या आतल्या बाजूला लावतात. जुन्या बंद कड्याच वापरायच्या असतील, तर दांडी खाली काढून पलंगावर बसून कड्या ओवाव्यात आणि मगच सगळं एकत्र चढवावं. काम कमरेच्या उंचीवर आलं की निम्मा त्रास तिथेच संपतो.

ही दांडी बहुधा स्प्रिंगच्या ताणाने दोन भिंतींमध्ये अडकवलेली असते. तोल गेला की तिला धरता येईल, हा समज सर्वांत घातक. ती पडद्याचं वजन पेलायला असते, माणसाचं नाही. आधाराचा दांडा वेगळा असतो. अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या सुगम्यता निकषांनुसार त्याने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलोचा भार पेलायला हवा. वृद्ध आईवडील यायचे असतील तर तो आधी भिंतीत पक्का बसवावा, पडद्याचं नंतर पाहावं.

साहित्याबद्दलचे समज थोडक्यात. नव्या अस्तराचा उग्र वास म्हणजे नवेपणाची खूण नव्हे. अस्तर पीव्हीसी या प्लॅस्टिकचं असेल, तर ते मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट गटातली रसायनं मिसळलेली असतात. २००८ मध्ये एका अमेरिकी पर्यावरणवादी संस्थेने करवलेल्या चाचणीत पीव्हीसीच्या एका पडद्यातून २८ दिवसांत १०८ बाष्पनशील संयुगं हवेत गेल्याचं नोंदवलं गेलं. सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोगाने त्या चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, तरी बाजारात पेवा हे क्लोरीन नसलेलं प्लॅस्टिक सहज मिळत असताना पीव्हीसीचा हट्ट धरण्याचं कारण उरत नाही. खालच्या काठावरचा गुलाबी थर साबणाचा किंवा बुरशीचा समजला जातो. तो बहुतेक वेळा जिवाणूंचा असतो. २००४ मध्ये कोलोरॅडोच्या संशोधकांनी अशा थरांतल्या डीएनएचा अभ्यास केला, तेव्हा स्फिंगोमोनास आणि मिथायलोबॅक्टेरियम हे जिवाणू प्रामुख्याने आढळले. निरोगी माणसाला त्यांचा सहसा त्रास होत नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाने मात्र काळजी घ्यावी. आंघोळीनंतर अस्तर एका कोपऱ्यात गोळा करून ठेवलं तर चुण्यांत ओल राहते. ते पूर्ण ताणून वाळवावं. अधूनमधून यंत्रात दोन टॉवेलांबरोबर हलक्या फेऱ्यावर धुवावं, पण वाळवणी यंत्रात प्लॅस्टिक घालू नये.

पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटांत शौचालय आणि आंघोळ एकाच खोलीत आल्यापासून कोरडा भाग वेगळा ठेवायला असे पडदे लागू लागले आहेत. इथे टब नसतो, त्यामुळे अस्तर नेमकं कुठे संपवायचं हे आधी ठरवावं लागतं. शॉवरच्या जागेला छोटा उंबरा असेल तर अस्तर त्याच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून दोनेक इंच वर राहील अशा बेताने दांडीची उंची धरावी. चुंबकाचा काठ फरशीवर निरुपयोगी ठरतो. साखळीचं वजन असलेलं अस्तर घ्यावं आणि दांडी लावण्यापूर्वी ते हाताने उंच धरून लांबी पाहून घ्यावी. भिंतीतली भोकं बुजवण्यापेक्षा ते सोपं जातं.