धुक्यातली लढाई

आंधळी कोशिंबीर आपण सर्वांनीच लहानपणी खेळलेली आहे. डोळ्यांवर पट्टी बांधली म्हणून कोणाच्या हातांतले बळ कमी होत नाही. हात कोठे टाकावा, एवढेच कळेनासे होते. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवून आज आम्ही वाचकांस टेबलावरच्या एका खेळातील धुक्याविषयी चार शब्द सांगणार आहोत.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. एक जण सूत्रधार असतो. समोर काय दिसते, काय ऐकू येते, हे तोच सांगतो, आणि वार लागला की चुकला याचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो. या खेळाचे एक मूळ सैनिकी शिक्षणात आहे. प्रशियाच्या सैन्यातील फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावरचा युद्धखेळ तयार केला. त्यात दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाकडे देत, आणि शत्रूचे जेवढे सैन्य दृष्टीच्या टप्प्यात येई तेवढेच पंच नकाशावर मांडी.

धुके म्हणजे काय, हे क्यूरपिपच्या मुलांना शिकवावे लागत नाही. पण खेळात ते मोजायचे कसे? समजा, वार लागण्यासाठी फाशावर १० किंवा अधिक पडले पाहिजे. म्हणजे वीसपैकी अकरा संधी, शंभरात ५५. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हिशेब सरळ होता. धुक्यात पाच फुटांच्या आतला शत्रू अंधुक दिसतो, म्हणून लागणाऱ्या वारांपैकी पाचवा हिस्सा वाया जातो आणि ५५ चे ४४ होतात. त्यापलीकडे निम्मे वार वाया, म्हणजे साडेसत्तावीसच उरतात.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने निराळी रीत घातली. शत्रू दिसत नसेल तर फासा दोनदा टाकून लहान आकडा घ्यायचा. संधी उरते सुमारे ३०. उलट, आपण शत्रूला दिसत नसू तर दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. संधी होते सुमारे ८०. दाट धुक्यात दोघेही आंधळे, तेव्हा तोटा आणि फायदा एकमेकांस खातात आणि पुन्हा ५५ च! सुट्टीत आम्ही मुलांबरोबर हा खेळ मांडतो, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “गुरुजी, मग धुके पडून झाले काय?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर फाशात नाही, फासा टाकण्यापूर्वी आहे. शत्रू आवाज न करता लपला, तर तो कोणत्या चौकोनात आहे याचा अंदाज करूनच वार करावा लागतो. अंदाज चुकला तर वार फुकट. आणि सूत्रधाराने फक्त “वार चुकला” एवढेच म्हणायचे असते, जागा चुकली की नेम, हे सांगायचे नसते. समोरचा डोळ्यांना दिसला पाहिजे अशी अट असलेले मंत्रही निकामी होतात. एरवी पळणाऱ्यावर जाता जाता एक वार करता येतो, पण तो दिसत असेल तरच. म्हणून धुके हा माघार घेणाऱ्याचा मोठा सोबती.

हे सारे नियम पाठ असूनही पहिल्या खेपेस आम्हीच चुकलो. सगळ्या सोंगट्या पटावर मांडून ठेवल्या आणि मुलांना म्हणालो, “तुम्हांला काही दिसत नाही.” अर्थातच प्रत्येक योद्धा नेमका लांडग्यांसमोर जाऊन उभा राहिला. त्यात मुलांचा काय दोष? डोळ्यांनी पाहिलेले विसरा, असे आम्हीच सांगत होतो.

दुसऱ्या खेपेस पट रिकामा ठेवला. कोण कोठे आहे हे दर फेरीला आधी एका कागदावर लिहून तो पालथा घातला, आणि मुलांना फक्त आवाज सांगितले. टेबलाभोवती एकदम शांतता झाली. डावीकडे वाळलेली पाने वाजली, असे म्हणताच एका मुलाने वार करण्यासाठी फासा उचलला. तेवढ्यात, वर्गात सहसा तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “थांब. गुरुजी, पावले दोन पायांची की चार पायांची?”

दोन पायांची होती. जखमी झालेला त्यांचाच सोबती परत येत होता.

खेळ संपल्यावर फासा उचललेल्या त्याच मुलाने तो कागद मागितला. आम्ही दिला. त्याने प्रत्येक फेरी बोट ठेवून तपासली. आमच्या मनात क्षणभर धाकधूक झाली. सारे जुळले. धुक्यात सूत्रधाराने पुष्कळ लपवावे, तो त्याचा हक्कच आहे. पण लपवलेले मागाहून बदलू नये. लपवणे वेगळे आणि फसवणे वेगळे, आणि हा फरक मुलांना आपल्याहून लवकर कळतो. कागद परत देताना तो मुलगा एवढेच म्हणाला, “पुढच्या शनिवारी पण धुकेच ठेवा.”