शोषखड्ड्यात गेलेलं पाणी जातं कुठे?

“आमच्याकडे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे. थोडं पाणी बागेला जातं, उरलेलं शोषखड्ड्यात. सगळं प्रक्रिया केलेलंच असतं हो!” शहराच्या कडेला वाढलेल्या कुठल्याही नव्या वसाहतीत हे ऐकायला मिळतं. उन्हाळ्यात टँकर परवडत नाहीत म्हणून त्याच आवारात बोअरही मारलेली असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे सोसायटीच्या सभेत सहसा कुणी बोलत नाही.

पहिला घोळ ‘प्रक्रिया केलेलं’ या शब्दांतच आहे. कशासाठी प्रक्रिया केलेलं? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2017 साली सांडपाणी प्रकल्पांसाठी जी मानकं काढली, ती पाणी बाहेर सोडण्यासाठी आहेत, पिण्यासाठी नाहीत. त्यात बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू, महानगरांत लिटरला 20 मिलिग्रॅम आणि इतरत्र 30 पर्यंत चालतो. मैल्यातून येणारे जीवाणू 100 मिलिलिटरमागे हजारापर्यंत चालतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक मात्र 100 मिलिलिटरमध्ये एकही ई-कोलाय चालवून घेत नाही. शिवाय 2017च्या त्या यादीत नायट्रोजनला मर्यादाच नव्हती. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने ती लिटरला 10 मिलिग्रॅम असावी, असं सांगितलं. म्हणजे एखादा प्रकल्प कागदोपत्री उत्तीर्ण असूनही त्याचं पाणी बोअरीच्या दृष्टीने वाईट असू शकतं.

सेप्टिक टँकची गोष्ट तर आणखी खालची. तिथे गाळ तळाशी बसतो, साय वर राहते आणि मधलं पाणी बाहेर पडतं. मैल्यातला बहुतेक नायट्रोजन त्या पाण्यासोबतच निघून जातो. टाकी वर्षानुवर्षं उपसलीच नाही, तर गाळही जातो.

“पण माती गाळून घेते ना?” घेते, आणि बरंच काही घेते. हवा खेळती असलेल्या वरच्या थरात जीवाणू अडकतात, सेंद्रिय घाण मातीतले सूक्ष्मजीव खाऊन टाकतात, फॉस्फेट लोहाच्या संयुगांना चिकटून बसतं. गंमत अशी, की याच थरात अमोनियाचं नायट्रेट होतं. म्हणजे माती आपलं काम जितकं चोख करील, तितकं नायट्रेट जास्त! ते ऋणभारित असतं आणि मातीचे चिकण कणही ऋणभारित, त्यामुळे ते कुठेही चिकटत नाही. पाणी जाईल तिकडे तेही जातं.

हिशोब करून बघा. सेप्टिक टँकमधून निघणाऱ्या पाण्यात लिटरला 40 मिलिग्रॅम नायट्रोजन असणं अगदी नेहमीचं आहे. त्या सगळ्याचं नायट्रेट झालं, तर आकडा जातो 175च्या पुढे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे 45, आणि तिच्यात सवलत नाही. म्हणजे अशा एका लिटरला मर्यादेत आणायला जमिनीत आणखी तीन लिटर स्वच्छ पाणी मिसळायला हवं. दाट वस्तीत, सिमेंटने झाकलेल्या आवारात, ते येणार कुठून? केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024च्या अहवालात देशभरातल्या सुमारे एक पंचमांश नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं. सगळा दोष सांडपाण्याचा नाही, शेतातल्या युरियाचाही मोठा वाटा आहे. पण गावठाणातल्या आडाचं पाणी बिघडलं की खताला बोल लावून मोकळं होण्याआधी शेजारचे शोषखड्डे मोजावेत.

माती काय अडवते आणि काय सोडते, याचा सगळ्यात नीट अभ्यासलेला दाखला अमेरिकेतला आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉडवर एक लष्करी तळ आहे. तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी 1936 पासून वाळूच्या उथळ वाफ्यांत सोडलं जाई. वाळू शोषून घेई, वर काही दिसत नसे. पण जमिनीखाली त्याचा एक लांबलचक पट्टा दिवसाला फूट-दीड फूट अशा गतीने दक्षिणेकडे सरकत होता. 1979 साली फालमाउथ गावाची सार्वजनिक विहीर बंद करावी लागली, कारण पाण्याला साबणाचा फेस येत होता. पुढे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने तिथे शेकडो नळ्या उतरवून मोजमाप केलं, तेव्हा पट्टा तीन किलोमीटरहून लांब आणि 75 फुटांपर्यंत जाड निघाला. त्याच्या पुढच्या टोकाला 1964च्या आधीचे, सूक्ष्मजीवांना न पचणारे डिटर्जंट सापडले. त्यानंतर कारखान्यांनी पचणारे डिटर्जंट काढले, म्हणून मागच्या भागात ते नव्हते. फेफऱ्यावर दिलं जाणारं कार्बामाझेपिन आणि सल्फामेथॉक्साझोल हे प्रतिजैविक मात्र तिथल्या भूजलात सापडलं.

1995 साली वाफे बंद झाले. सोडणं थांबवलं की पाणी सुधारतं, हा आणखी एक समज. वर अडकून बसलेलं फॉस्फरस वाफे बंद झाल्यावरही सुटत राहिलं आणि जवळच्या ॲशुमेट तळ्याकडे चालत राहिलं. शेवटी 2004 साली तळ्याच्या काठाला, पाण्याखाली, लोखंडाच्या किसाची आडभिंत घालावी लागली.

केप कॉडला निदान वाळू होती. महाराष्ट्राच्या 80 टक्क्यांहून अधिक भूभागाखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. त्याच्यावर माती आणि मुरूम असेल तितकाच गाळणीचा भाग. त्याखाली पाणी भेगांतून धावतं, तिथे गाळण नाही. म्हणून “विहिरीपासून 50 फूट लांब आहे” या वाक्यावर मी फारसा विसंबत नाही. आडव्या अंतरापेक्षा खड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यातलं उभं अंतर महत्त्वाचं. दोन खड्ड्यांच्या शौचालयासाठीची सरकारी सूचनाही तेच सांगते: बारीक माती असेल आणि बाराही महिने पाणी खड्ड्याच्या तळापासून दोन मीटर खाली राहत असेल, तर विहिरीपासून तीन मीटर पुरतात, एरवी दहा हवेत. कोकणात श्रावणात वाकून घागर भरता येईल इतकं पाणी विहिरीत वर येतं. तिथे मे महिन्यात खणलेला कोरडा खड्डा बघून निर्णय घेणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

“आमची बोअर 300 फूट खोल आहे.” असेल. पण केसिंग पाइप किती? आपल्याकडे पक्का खडक लागला की केसिंग थांबवतात, म्हणजे बहुधा मुरुमापुरतंच. पाइप आणि भोक यांच्यातली फट सिमेंटने बुजवली नसेल, तर वरचं पाणी पाइपाच्या कडेने सरळ खाली उतरतं. मग 300 फुटांचा उपयोग फक्त वीजबिल वाढायला.

घरातले उपाय जीवाणूंसाठी आहेत. उकळल्याने ते मरतात, टीसीएल पावडरनेही मरतात; नायट्रेटला दोन्हींनी काही होत नाही. उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. तुरटी गढूळपणा बसवते, इतकंच. आरओने नायट्रेट बऱ्यापैकी कमी होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं पावडरीचं दूध जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते आणि अंग निळसर पडू शकतं. ग्रामपंचायतीत जी एच-टू-एसची छोटी बाटली भरून ठेवतात, ती एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाणी जीवाणूंनी बिघडलेलं आहे. पण काळी पडली नाही म्हणून नायट्रेट नाही, असं होत नाही. त्याला वेगळी चाचणी लागते. तपासणी संचातल्या नळीत रंग जितका गडद गुलाबी, तितकं नायट्रेट जास्त.

यावरून सांडपाणी जमिनीत सोडूच नये, असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. तोही चुकीचा. गल्लीतून वाहणाऱ्या उघड्या गटारापेक्षा नीट बांधलेला शोषखड्डा कधीही बरा. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत 2008 पासून शहराचं सांडपाणी सूक्ष्मगाळण, आरओ आणि अतिनील किरण यांतून काढून भूजलात मुरवतात आणि तेच पुढे पितात. इस्रायलमधल्या शाफदान प्रकल्पात वाफे आळीपाळीने भरतात आणि सुकवतात, वाळूला श्वास घ्यायला वेळ देतात. बाहेर काढलेलं पाणी नेगेवच्या शेतीला जातं, आणि ते पिण्याच्या विहिरींकडे सरकू नये म्हणून देखरेखीच्या विहिरी ठेवल्या आहेत. बंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोलारच्या तलावांत सोडलं, तेव्हा ते एवढ्या पायऱ्यांतून गेलेलं नव्हतं. 2018 साली लक्ष्मीसागर तलावावर फेस आला आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने ते काही काळ थांबवलं.

तेव्हा आवारात बोअर आणि शोषखड्डा दोन्ही असतील, तर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाणी तपासून घ्या आणि प्रयोगशाळेला नायट्रेट हे नाव घेऊन सांगा. नुसतं ‘पिण्यायोग्य आहे का’ विचारलं तर अनेकदा जीवाणूंचाच अहवाल हाती पडतो. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसा. आणि पुढच्या सभेत एसटीपीचा अहवाल मागाल, तेव्हा त्यात एकूण नायट्रोजनचा रकाना भरलेला आहे का, ते आधी बघा.